कोणताही वाद न ठेवता

भाईंदर (पश्चिम)
सोमवार, १२ फेब्रुवारी १९९०
सकाळचे ६ वाजून ४० मिनिटे

गिरिजामावशींना नमस्कार.

मी दुकानाच्या पायरीवर बसून, मांडीवर पुठ्ठा घेऊन हे लिहीत आहे. मालक हरिश्चंद्रकाका साडेआठला येऊन शटर उघडतात. त्याआधी पत्र पेटीत पडायला हवे. आशावहिनी, तुम्ही हे सासूबाईंना सावकाश वाचून दाखवा, अशी विनंती आहे. मध्येच थांबू नका.

मावशी, ४ जानेवारीला, गुरुवारी, दशरथशेठ तुम्हाला आमच्या टायपिंगच्या दुकानात घेऊन आले होते. तो इंग्रजी कागद तुम्हाला मराठीत वाचून दाखवणारा मुलगा म्हणजे मी. माझे नाव लवू शिगवण. वाचनावळ पाच रुपये दशरथशेठ देत होते, तर तुम्ही त्यांचा हात मागे सारला होता. "वाचनार माजा, पैसं मी देनार," असे म्हणाला होता. मला ते नीट आठवते.

त्या कागदातला एक शब्द मी चुकीचा सांगितला.

कागदात तुमच्या वडिलांबद्दल, म्हणजे राईच्या धर्माजी पदू म्हात्रे यांच्याबद्दल, लिहिले होते की ते "विदाऊट इश्यू" वारले. मी सांगितले, "धर्माजी कोणताही वाद न ठेवता वारले." तुम्ही मला ते परत वाचायला लावले. मी परत वाचले. तुम्ही म्हणालात, "माजा बापूस तसाच व्हता. आक्ख्या राईत त्याचा कुनाशी तंटा न्हवता." आणि अंगठा दिलात.

चूक कशी कळली ते सांगतो. २ तारखेला माझी वहिनी मनोरमा हिचे नाव बाळंतपणासाठी दवाखान्यात घालायला आम्ही गेलो होतो. नर्सबाई फॉर्म भरत होत्या. त्यांनी विचारले, "इश्यू किती?" मी पुढे होऊन म्हणालो, "इश्यू काही नाही, सगळं व्यवस्थित आहे." नर्सबाईंनी चष्म्यावरून पाहिले. "मग हा कडेवरचा कोणाचा? शेजाऱ्यांचा? आधीची मुलं किती, ते विचारतेय. शिकलेले दिसता!"

मावशी, इश्यू म्हणजे मूलबाळ. त्या कागदात असे लिहिले आहे की धर्माजी मूलबाळ नसताना वारले आणि पुतण्या दशरथ हा त्यांचा एकटा वारस आहे. खाली "गिरिजा नाथा भोईर, राहणार चेणे, मयतास ओळखणारी" असे तुमचे नाव आणि तुमचा अंगठा आहे. तुम्ही मुलगी आहात हे कागदात कोठेही नाही. त्याच्याखाली "मजकूर सदर बाईस मराठीत वाचून समजावून दिला" अशी ओळ आणि माझी सही आहे.

हा कागद जोडून दशरथशेठनी वारसनोंदीचा अर्ज केला आहे. राईच्या चावडीवर ८ तारखेला नोटीस लागली. मी काल जाऊन ती कागदावर उतरवून घेतली. हरकत घ्यायला २३ तारखेपर्यंत मुदत आहे. त्यानंतर धर्माजींना मूल नव्हते, हे सरकारी वहीत कायम होईल. हरकतीचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. अंगठा मात्र तुमचाच हवा.

माझ्याजवळच्या शब्दकोशात जो अर्थ होता तोच मी सांगितला. शब्दकोश लहान आहे.

तुमचे पाच रुपये आज मनीऑर्डरने पाठवतो.

आपला,
लवू शिगवण

शनिवार, १७ फेब्रुवारी १९९०
दुपारी १ वाजून १५ मिनिटे

गिरिजामावशींना नमस्कार.

काका जेवायला घरी गेले आहेत. माझा डबा तसाच आहे. आशावहिनींचे कार्ड आणि "घेण्यास नकार" असा शेरा मारून परत आलेली मनीऑर्डर, दोन्ही काल एकदमच हातात पडली. वहिनींनी तुमचे बोलणे जसेच्या तसे लिहून पाठवले, हे फार बरे केले. मी ते तीनदा वाचले:

"एवड्याश्या शब्दापायी भावाला कचेरीत उबा करू? म्हायेराला मला तेवडा एकच दार हाय. त्यानं होलीला लुगडं दिलं, नातीच्या बारशाला आला. जमीन भावाचीच असते. पोराला सांग, आपलं काम कर."

मी माझे काम करतो आहे, मावशी, म्हणून पुन्हा लिहितो.

भावाकडे जमीन मागू नये हे मला समजते. आमचे मूळ गाव रत्नागिरीकडे. माझ्या आईनेही तिच्या भावांना हक्कसोड करून दिली आहे. एक पैसा घेतला नाही. मामा तिला दर वर्षी फणस आणि तांदूळ पाठवतात आणि ती शेजारणींना दाखवत फिरते. तिच्या हक्कसोडीची नक्कल आमच्या पेटीत आहे. तुमचे कार्ड आल्यावर मी ती काढून पाहिली. पहिल्याच ओळीत आईचे माहेरचे नाव आहे, पुढे तिच्या वडिलांचे नाव आहे आणि पुढे "यांची मुलगी" असे आहे. त्यानंतर चार ओळी सोडून तिने हक्क सोडला आहे.

तुमच्या कागदात ती पहिली ओळ नाही.

दशरथशेठना तुमच्याकडून अशी हक्कसोड घेता आली असती. त्यांनी ती का घेतली नाही, हे मला माहीत नाही. कदाचित तुम्ही नाही म्हणाल अशी भीती वाटली असेल. कदाचित जमीन घेणाऱ्या बिल्डरच्या वकिलाला कमी नावांचा कागद हवा असेल. मला त्यांच्याविषयी वाईट लिहायचे नाही.

तुम्ही एकदा चावडीवर या. भांडायला नको. नोटीस मी तुम्हाला वाचून दाखवतो. माझ्या वाचण्यावर भरवसा नसेल, तर तिथल्या दुसऱ्या कोणाकडूनही वाचून घ्या. ती मराठीत आहे. आता सहा दिवस उरले.

आपला,
लवू

मंगळवार, २० फेब्रुवारी १९९०
सकाळचे ६ वाजून ५ मिनिटे

गिरिजामावशींना नमस्कार.

काल तुम्ही दुकानात आलात. मी तुम्हाला खरे सांगितले नाही. तुम्ही गेल्यावर संध्याकाळपर्यंत मी सातबाराच्या नकला टाइप केल्या आणि एका नकलेत "क्षेत्र" हा शब्द दोनदा चुकवला. असे माझे कधी होत नाही.

तुम्ही बाकावर बसलात आणि आधी पाणीही घेतले नाही. म्हणालात, "तुजी चिठी आशानं वाचली, तुज्या आईचा आयकला. बरा वाटला. माजेकडं दशरथानं मागितली असती तं मी हसत दिली असती. वरनं जेवून गेले असते. पन मी जल्मलेच न्हाय, असा लिवला?"

मी म्हणालो, "हो, मावशी."

मग तुम्ही विचारलेत, "पोरा, त्या दिशी तुजा बोट कुटं व्हता?"

मी म्हणालो, "कुठे म्हणजे?"

"मला वाचता येत न्हाय, बोट बघता येतो. तू त्या लहान बुकात बोट फिरवीत व्हतास. एके जागी थांबलास. लय वेल थांबलास. मंग बोट तितंच ठेवून तू वरचा वाचलास. हाय का न्हाय?"

हरिश्चंद्रकाका हसले. म्हणाले, "मावशी, उगाच शंका घेऊ नका. पोराचं इंग्रजी माझ्याहून बरं आहे. अख्ख्या भाईंदरात वाचून दाखवणारा एवढा एकच आहे." आणि मी म्हणालो, "मावशी, बुकात तेवढाच अर्थ आहे."

तुम्ही माझ्याकडे पाहिलेत. "बरा," म्हणालात आणि उठलात. तुम्ही काशीमिऱ्याची बस पकडेपर्यंत मी दुकानाच्या दारात उभा होतो. हाक मारली नाही.

आता सांगतो. आशावहिनी, हे सगळे वाचा, काही गाळू नका.

बुकात त्या शब्दाचे चार अर्थ आहेत. पहिला, बाहेर पडणे किंवा देणे. रेशनकार्डावर तारखेपुढे असतो तो. दुसरा, मासिकाचा अंक. तिसरा, वादाचा मुद्दा. चौथा, संतती. माझे बोट चौथ्यावर होते. तुम्ही बरोबर पाहिलेत.

चौथा अर्थ वाचून मी वर पाहिले, तर तुम्ही समोर बसला होता. "माज्या बापाचा कागद" असे तुम्ही आल्या आल्या म्हणाला होता. मला वाटले, मूल नाही असे कसे असेल, मूल तर इथे बसले आहे. म्हणून तो अर्थ इथे बसत नाही, असे मी धरले. पहिले दोनही बसत नव्हते. उरला तिसरा. एवढ्यात दशरथशेठ म्हणाले, "आवर रे मास्तर, रिक्षा उभी आहे." मास्तर म्हटल्यावर मला बरे वाटले. मी तिसरा वाचून टाकला. तुम्ही परत वाचायला लावलात तेव्हा थांबायची आणखी एक संधी होती. तुमचा चेहरा इतका खूश दिसला की तीही मी घालवली.

एवढे असते तर चूक म्हणता आली असती. पण त्याच संध्याकाळी मी वाचनालयात जाऊन मोठा शब्दकोश उघडला. त्यात हा अर्थ कायद्याच्या कागदांत चालतो असे स्पष्ट दिले आहे. म्हणजे मला ४ जानेवारीलाच कळले. पहिले पत्र लिहिले १२ फेब्रुवारीला. मध्ये एकोणचाळीस दिवस गेले. चावडीवर नोटीस लागल्याचे एका गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकले नसते, तर कदाचित चाळिसावाही गेला असता.

दवाखान्यातली गोष्टसुद्धा मी फिरवून लिहिली. नर्सबाईंना "इश्यू काही नाही" असे उत्तर मनोरमावहिनीने दिले होते, मी नाही. बिचारी चौथी शिकलेली आहे. मी बाजूला गप्प उभा होतो, कारण मला अर्थ माहीत होता. "शिकलेले दिसता" असे तर कोणी म्हणालेच नाही. अडाणी ठरलो तर तुम्ही मला माफ कराल असे वाटले, म्हणून मी तिचे अडाणीपण स्वतःच्या नावावर घातले.

एकोणचाळीस दिवस गप्प का बसलो, याचे कारण छोटे आहे. मी दहावीला इंग्रजीत नापास आहे. एकोणतीस गुण. पास व्हायला पस्तीस लागतात. मराठीत मला चौऱ्याहत्तर होते. घरी आणि काकांना मी पास सांगितले आहे. काकांनी माझ्या भरवशावर पाटीवर "भाषांतर" हा शब्द रंगवून घेतला. एक शब्द चुकला असे म्हटले की पुढचा प्रश्न मार्कांचा येणार, हे मला दिसत होते. तुमच्या बापाच्या नावापुढून तुम्ही पुसल्या गेलात, आणि मी माझे सहा गुण झाकत बसलो.

शुक्रवारी, २३ तारखेला, सकाळी नऊपासून मी राईच्या चावडीबाहेर उभा असेन. तुम्ही आलात तर अर्ज तयार आहे. नाही आलात तरी मी आत जाऊन माझा जबाब देईन. वारस नसलेल्याच्या जबाबाला किती वजन असते ते मला माहीत नाही.

आता "आपला" असे लिहीत नाही. पाच रुपये स्वतः देऊन तुम्ही "वाचनार माजा" म्हणाला होता आणि मी तुमचा राहिलो नाही.

लवू शिगवण

शनिवार, ३१ मार्च १९९०
सकाळचे ७ वाजून १० मिनिटे

गिरिजामावशींना नमस्कार.

निकालाची नक्कल काल हातात आली. सोबत पाठवतो. मराठीतच आहे, तरी आशावहिनींनी आधी वाचावी आणि मग हे पत्र. माझे सांगणे नकलेशी जुळते की नाही, ते तुम्हाला पाहता येईल.

२३ तारखेला तुम्ही आलात, अंगठा दिलात आणि माझ्याशी एक शब्द न बोलता गेलात. १४ मार्चच्या सुनावणीलाही बोलला नाहीत. मला त्याबद्दल तक्रार नाही. माझा जबाब झाला तेव्हा तुम्हाला बाहेर व्हरांड्यात बसवले होते, म्हणून आत काय झाले ते कळवतो.

मंडळ अधिकाऱ्यांनी विचारले, "तुम्ही इंग्रजी वाचता?"

"वाचतो, साहेब."

"शिक्षण?"

"दहावी नापास. इंग्रजीत. एकोणतीस."

साहेबांनी पेन खाली ठेवले. "मग दुसऱ्यांचे कागद वाचायला कसे बसलात?"

मी म्हणालो, "माझं शुद्धलेखन चांगलं आहे, साहेब." कोणीतरी हसले. मी हसण्यासाठी म्हटले नव्हते. माझ्याजवळ तेवढेच होते.

दशरथशेठ म्हणाले, "साहेब, याला कोनीतरी पढवलाय. त्या दिवशी चांगला घडाघडा वाचत व्हता." मी म्हणालो, "घडाघडा वाचलं, तीच चूक झाली." मग मी शब्दकोश उघडून चारही अर्थ दाखवले आणि माझे बोट कोणत्या अर्थावर होते आणि मी कोणता वाचला, तेही सांगितले. साहेबांनी ते लिहून घेतले. नकलेत "साक्षीदाराने अर्थ जाणून असता अन्य अर्थ सांगितला" असे एक वाक्य आहे, ते माझे.

पुढचे तुमच्यासमोर झाले. पण नकलेत ते कसे उतरले आहे ते पाहा, म्हणून लिहितो.

साहेबांनी तुम्हाला पुरावा विचारला. शाळेचा दाखला नाही, जन्माची नोंद नाही. तेव्हा राईच्या चंपाबाई काठी टेकत पुढे आल्या आणि म्हणाल्या, "त्या इंग्लिशचा मला काय म्हाईत न्हाय. हिची नाल मी कापली. धर्माजी भाईर उबा व्हता, पोरगी जाली म्हनून सांगितला तं मला नारल दिलान." नकलेत आहे: "सुईण चंपा हिने जन्माबाबत दुजोरा दिला." नारळ राहिला.

आणि तुम्ही दशरथशेठकडे वळून म्हणालात, "दादा, जमिनीसाटी आले असते तं बापूस गेला तवाच, पाच सालामागं आले असते. माजे बापाचा कंदी कुनाशी वाद न्हवता. आता त्याचे नावानं पयला वाद मी केला. तू करायला लावलास." दशरथशेठनी टोपी काढून मांडीवर ठेवली. नकलेत आहे: "हरकतदार यांनी आपण वारस असल्याचे कथन केले."

साहेबांचे भाषांतरही माझ्यासारखेच आहे. पण त्यांचा शेवट बरोबर आहे. शेवटच्या पानावर, खालून चौथी ओळ: "मयत धर्माजी पदू म्हात्रे यांस गिरिजा ही एकुलती संतति असून..." दशरथशेठच्या नावाची नोंद रद्द झाली. टाइप करणाऱ्याने "संतति" ऱ्हस्व केले आहे. हल्लीच्या नियमाने दीर्घ हवे. अर्थ बदलत नाही.

आता सही हवी असेल तर दशरथशेठना चेण्याला तुमच्या दारात यावे लागेल. द्यायची की नाही, ते तुम्ही ठरवाल. त्यांनी कागद आणला तर मराठीत मागा आणि आशावहिनींकडून वाचून घ्या. पहिल्या ओळीत तुम्ही कोणाची मुलगी आहात ते असेल, तरच पुढची ओळ ऐका.

चावडीबाहेर मी दोन म्हाताऱ्यांना विचारले, धर्माजींचा खरेच कोणाशी तंटा नव्हता का? एक म्हणाले, "त्याचा? त्याच्या बांधावरनं लोकांच्या म्हशी जायच्या, तं हा त्यांना वाट करून द्यायचा." म्हणजे त्या दिवशी मी सांगितले ते कागदात नव्हते, पण तुमच्या वडिलांबद्दल खरे होते. हे माझ्या बचावासाठी लिहीत नाही. तुम्हाला ते दोनदा ऐकावेसे वाटले होते, म्हणून कळवले.

काकांनी पाटीवरच्या "भाषांतर" या शब्दावर निळा रंग मारला. मला म्हणाले, "खोटं मार्कांचं बोललास, ते मी सोडलं असतं. बाई समोर बसून विचारत होती, तेव्हाही बोललास." मी आता फक्त मराठी टाइप करतो. घरीही सांगितले. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने पेटीतली हक्कसोड काढून माझ्याकडून वाचून घेतली. म्हणाली, "आता नीट वाच."

पाच रुपये पुन्हा मनीऑर्डरने पाठवतो. न घेतल्यास ते परत येतील आणि मी पुन्हा पाठवीन.

लवू शिगवण

सोमवार, १६ एप्रिल १९९०
सकाळचे ६ वाजून ३० मिनिटे

गिरिजामावशींना नमस्कार.

मी पायरीवर बसलो आहे. मनीऑर्डरची पोच शनिवारी आली.

पोस्टमनने अंगठ्यासाठी पेन्सिलीने फुली मारून ठेवली होती. फुलीवर अंगठा नाही. तिच्या बाजूला निळ्या शाईने सही आहे. अक्षरे एकमेकांपासून लांब आहेत आणि "ज" दोनदा गिरवला आहे. "गीरीजा धर्माजी." पुढे जागा होती, पण तिथे काही लिहिलेले नाही.

आशावहिनींनी मागे एका कार्डात लिहिले होते की चेण्याच्या मंदिरात बायकांचा साक्षरतेचा वर्ग निघाला आहे आणि तुम्ही जात नाही म्हणता. मग कधी गेलात ते मला माहीत नाही.

नावात दोन वेलांट्या दीर्घ पडल्या आहेत. सवयीने मी लाल पेन्सिल उचलली होती. ती परत डब्यात ठेवली.

हिशेब असा. वाचनावळ पाच रुपये तुम्हाला परत पोचली. नकलेची फी, मनीऑर्डरचा खर्च दोन वेळचा, राईच्या खेपा आणि चंपाबाईंना घरी पोचवण्याची रिक्षा मिळून एकतीस रुपये चाळीस पैसे झाले. ते माझेच आहेत, तुमच्याकडून येणे काही नाही. ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म भरला, त्याचे पैसे काकांनी दिले, ते पगारातून कापायचे आहेत.

माझ्याकडून देणे बाकी: इंग्रजीचे सहा गुण.

लवू